सही न केलेला कागद

दिघी, मंगळवार

तीर्थरूप अण्णा,

ज्योतीरामचा नमस्कार. मी मजेत आहे, डबाही वेळेवर येतो. फोनवर हल्ली तुमचं अर्धं बोलणं निसटतं, म्हणून लिहितोय.

कुसुमताई सांगत होती, तुम्ही जेवण कमी केलंय. "माझ्याच कानांतली शिट्टी पोराला लागली," म्हणता म्हणे. असलं काही मनात आणू नका.

चूक माझीच. कंपनीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाचे कान वाजतात का? मी सरळ तुमचं नाव सांगितलं. आठवड्याने एचआरच्या साहेबांनी कागद पुढे केला: आजार आनुवंशिक आहे, कंपनीचा संबंध नाही. कर सही!

मी पुन्हा बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, काही घरांत कान मुळातच नाजूक असतात. पण मग अशा माणसाला तर आधी आवाजापासून लांब ठेवायला हवं.

तेच साहेबांना सांगितलं. वर विचारलं, "आमच्या पत्रे ठोकायच्या प्रेसवर अकरा जणांचे कान वाजतात. एक चिपळूणचा, एक बिहारचा, दोघं चाकणचेच. आमचा सगळ्यांचा आजोबा एकच होता का?" पोरं हसली. साहेब कागद घेऊन गेले. परत आणतील, आणू देत.

तुम्ही एक करा. तुमचे कान कधी वाजायला लागले, तुम्ही कापसाच्या जिनिंग मिलच्या खडखडाटात कामाला लागायच्या आधी की नंतर, ते आठवून स्वतःच्या हाताने लिहा आणि खाली सही करा. आपल्या घरातून कंपनीला सही मिळेल ती तेवढीच.

आणि पोटभर जेवा.

तुमचा,
ज्योतीराम