पाचव्या दगडाचा चुना

परंडा, बुध. २९ नोव्हेंबर १९६१
थोरल्या भावाचं, अण्णाचं, कार्ड आलं. रजा मंजूर, येळवशीला, म्हणजे रानातल्या पूजेच्या अवसेला, येतो. आईनं दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाली, "यायचं लिवलंय तेवढंच पुन्यांदा वाच." वाचलं. कार्ड तुळजाभवानीच्या तसबिरीमागं खोचलं.
बोटीचं नाव कुणाला सांगू नको असं अण्णानं बजावलंय. म्हणून इथंही लिहीत नाही. बोट आरमाराची, मुंबईची, तो खाली इंजिनात, बस.

शुक्र. १ डिसेंबर
सोलापूरचा पेपर कुर्डुवाडीच्या गाडीनं आला. मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात वाचला. अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी आपल्या बोटीवर गोळ्या झाडल्या. आता आपलं आरमार तिकडं जाणार म्हणतात.
मास्तरांचं मशीन थांबलं. समुद्र पाहिलेली माणसं आमच्या ओळखीत दोनच, अण्णा आणि हे. मूळ गोव्याचे. नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. कंपनी इथं परंड्यात मोडली, तेव्हापासून शिवणकाम. त्यांची आई एकटी तिकडं, मुरगावला. नाकेबंदी झाल्यापासून गाडी बंद, मनिऑर्डर बंद. दर दिवाळीला आईची चोळी शिवतात, माप मनातलं. पाठवता येत नाही. फळीवर घडी करून ठेवतात.
म्हणाले, "आमचं घर बंदराच्या वरच रे बाबा. बोटीतून दिसतं."

गुरु. ७ डिसेंबर
रजा रद्द. अण्णाच्या दोनच ओळी. अक्षर घाईचं, 'तब्येत चांगली' मधला अनुस्वार भलतीकडे.
आई म्हणाली, "सायबाला सांग म्हनावं, येळवस हाय."
आरमाराच्या साहेबाला येळवस काय माहीत.

रवि. १० डिसेंबर
किल्ल्याच्या खंदकापाशी उगाच जाऊन बसलो. पाणी कमी झालंय, हिरवं. इथंच अण्णा पोहायला शिकला. माझी टोपी पडली होती, तर कपड्यानिशी उडी मारली. वर आला तो टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून. मग बुरुजावरच्या तोफेवर दोघं वाळत बसलो. तोफेला ऊन लागून चटके बसत होते. अण्णा तोंडानं धडाड् करायचा आणि मी पडायचो. दर वेळी मीच का पडायचं, असं विचारायचं राहिलं.
भरतीला सोलापूरला गेला तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं म्हणे, पोहता येतं का? हा म्हणाला, खंदकात येतं.

सोम. १८ डिसेंबर
ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं सगळं गाव. फौजा गोव्यात शिरल्या. मुरगाव बंदरात बोटींची लढाई.
मास्तरांनी दुकान बंद केलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी बोललंच, "मास्तर, तुमचं राज्य चाललं की!" मास्तर हसले. न हसते तर बरं.
परतताना मला विचारलं, "तुझा भाऊ तोफेवर असतो?"
"न्हाय. खाली, इंजिनात."
"मग त्याला काही दिसत नसणार." थोडं चालून, "बरंय."
मला बरं वाटलं नाही. खाली असलेल्या माणसाला उडी मारता येत नाही.

बुध. २० डिसेंबर
गोवा आपला झाला. पेढे. शाळेची फेरी निघाली. पेपरात आहे, काही खलाशी कामी आले. आमच्या पेपरात नावं नाहीत. तीनदा पाहिलं. जाहिरातींतसुद्धा.
आईला खलाशांचं वाचून दाखवलं नाही. पण ती म्हणाली, "पेपराची घडी कशापायी घातलीस?"
मास्तरांकडे गेलो. पेढा त्यांच्या हातात तसाच. म्हणाले, "गोळे कुठं पडले ते काय लिहिलंय का रे?"

मंगळ. २६ डिसेंबर
कार्ड नाही. मी दोन पाठवली. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

शुक्र. ५ जानेवारी १९६२
उद्या येळवस. रानात कडब्याची कोप, खोपटी, उभी केली. शाळू कमरेच्या वर, हरभरा घाट्यांवर आलाय. कोपीत पाच पांडवांचे पाच दगड मांडले.
आमच्यात चार दगडांना चुना दादा, आमचे वडील, लावायचे, पाचवा थोरल्या लेकाचा. दादा वारले त्या वर्षी त्यांचे चार माझ्याकडे आले. पाचवा अण्णाचा अण्णाकडेच. नोकरी लागल्यावरही दर वर्षी रजा काढून आला, नुसता त्या एका दगडासाठी म्हटलं तरी चालेल.
आज मी चार केले. पाचवा काळा, रांगेत डोळ्याला खुपायला लागला. पूजेत खोट नको म्हणून तोही केला, नीट, कडेपर्यंत.
आई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाहिलं. पाटी खाली ठेवली.
"दादांचं तू का करतोस?"
"दादा न्हाईत म्हणून."
"मग अण्णाचं का केलंस?"
मला एकदम उमगलं.
आईनं घागर ओतली आणि पदरानं दगड घासत बसली. काळा होईपर्यंत.

शनि. ६ जानेवारी
येळवस झाली. ज्याला रान नाही त्याला आपल्या रानात बोलवायचं, म्हणून आईनं मास्तरांना बोलावलं होतं. भज्जी, उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या. मास्तर आंबिलाचे तीन पेले प्याले. "आमच्याकडे हे असतं तर पोर्तुगीज कधीच गेले असते," म्हणाले. आई कितीतरी दिवसांनी हसली.
आंबिल शिंपत शेताला फेरा घालायचा तर अण्णा पुढं, मी मागं. मडकं घेऊन तो पळायचा, निम्मं माझ्याच अंगावर. आज मी पुढं. मागं मास्तर धोतर सावरत, मी ओलगे ओलगे हाळी दिली की तेही द्यायचे, पेटीवाल्याच्या सुरात. अंगावर काही सांडलं नाही.
पाचव्या दगडाला आईनं हळद लावली, कुंकू लावलं. चुना नाही. मास्तरांनी दगडाकडे पाहिलं.

मंगळ. ९ जानेवारी
मास्तर गोव्याला निघाले. वाटेतले पूल पडलेत, परवाना लागतो, असं लोक सांगतात. "चालत जाईन," म्हणाले. फळीवरच्या चोळ्यांतून एकच घेतली, सगळ्यात लहान मापाची. "बारीक झाली असणार."
आईनं शेंगदाण्याच्या पोळ्यांची दोन गाठोडी दिली. "ही तुमच्या आईला. ही माझ्या लेकाला. बंदरात बोट असंल तर बघा."
"मावशी, बोटी पुष्कळ असतात."
"तुमी बगा तर."
मोटार सुरू झाली. मास्तरांनी खिडकीतून विचारलं, "कुठली बोट?"
मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. टपावर चढणारी माणसं खोळंबली होती, कंडक्टर ओरडत होता. खिडकीला लोंबकळून मास्तरांच्या कानात नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मीच पुन्हा सांगितलं, सावकाश.

रवि. १४ जानेवारी
संक्रांत. कार्ड नाही. मास्तरांचंही नाही.
सकाळी रानात गेलो. कोप अजून मोडली नाही, आई मोडू देत नाही. डब्यातला चुना वरून सुकायला लागला होता. पाणी घालून ढवळला, झाकण लावून सावलीत ठेवला. कुंचला धुऊन पाचव्या दगडाशेजारी ठेवला.