मेरी टीव्हीवर नाचते

६ जानेवारी

मेरीला घेतलं! मुंबईहून फोन आला. एकसष्ट वर्षांची माझी बायको टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत! एक नामवंत, एक साधं माणूस, अशा जोड्या आहेत. मेरीच्या जोडीला अर्णव सरदेसाई, मालिकेत वकील होतो तो. मी फोन धरून उभा. हात थरथरत होता. कंपवाताने की आनंदाने, मलाच कळेना.

८ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा, अक्षर मोठं काढा, नाहीतर मुंगीएवढं होत जाईल. म्हणून हे लिहितो. नाहीतर जन्मभर एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला लिहायची कुठली हौस!

कंपवात निघाला तेव्हा हाताचं मी चालवून घेतलं. पण पाय! चालता चालता दारापाशी थांबतात ते थांबतातच. मी म्हणतो चल, पाय म्हणतात नाही. डॉक्टर म्हणाले, गाणं लावून बघा, तालावर पाय उचलतो. मेरीने दुसऱ्याच दिवशी अंगणात गाणी लावली. बालवाडीच्या पोरांना नाचवण्यात तिची सगळी नोकरी गेली, आता मी तिच्या तावडीत सापडलो. माझे पाय सुटले. तिचे तर असे सुटले की गाणं संपलं तरी ती थांबेना. आमच्या लेकीने, एंजेलाने, ते मोबाईलवर घेतलं आणि मला न विचारता मुंबईला पाठवलं.

आता बाईसाहेब म्हणतात, मी जायची नाही, तुमच्याकडे कोण बघणार? एंजेला राहुरीला नर्स आहे. ती म्हणाली, मी इथून ये-जा करीन. तरी हिचं नाहीच.

१२ जानेवारी

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रार्थनेत मेरीचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर मात्र एकीने विचारलंच, या वयात परक्या पुरुषाच्या हातात हात घालून नाचणार का? मी काही म्हणायच्या आत मेरी म्हणाली, "नवऱ्याचा हात धरून शिकलेय. आता कुणाचाही धरीन."

जायचं ठरलं म्हणायचं!

१४ जानेवारी

गेली. गोळ्यांच्या वेळा चारदा सांगून गेली. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. मग पाय अडकले, एंजेलाने घरात आणलं.

२ फेब्रुवारी

पहिला भाग! घरात बसायला जागा नाही. शेजारच्या छबूबाई सगळ्यात पुढे, टीव्हीला नाक लावून. मेरी हिरव्या नऊवारीत आली. अर्णव तिच्यापुढे जरा बावरलेला दिसला. सुरुवातीला तो मोजून पाय टाकत होता, आणि आमची बाई मोजतबिजत नव्हती. ती नुसती आत शिरली गाण्यात. परीक्षकांनी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाली, "देवळाली प्रवरा, आमच्या अंगणात."

छबूबाई मागे वळून मला म्हणाल्या, "लई हलकी हाय वो मेरीबाई पायानं. आमाला कदी कळलंच न्हाई."

मला तरी कुठे कळलं होतं? छत्तीस वर्षं संसार केला.

५ फेब्रुवारी

बाजारात उसाचा ट्रॅक्टर थांबवून एकाने विचारलं, ते टीव्हीतल्या बाईंचे मिस्टर तुम्हीच ना? व्हय म्हणालो. छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

१० फेब्रुवारी

पडलो. मोरीच्या दारात पाय अडकले, वरचं अंग पुढे गेलं. कपाळाला तीन टाके. एंजेलाला बजावलं, आईला सांगायचं नाही.

११ फेब्रुवारी

फोनवर दोन शब्द बोललो आणि मेरी म्हणाली, काय झालंय ते सांगा. सांगावं लागलं. ती म्हणाली, उद्या निघते. बॅग काढल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.

मी म्हणालो, "तू आलीस तर उद्यापासून मी माणूस राहणार नाही, निव्वळ दुखणं होईन. तू नाच."

मग म्हणाली, मोरीत खुर्ची ठेवून घ्या. म्हणजे राहिली.

२३ फेब्रुवारी

जोड्या मोडल्या. आता प्रत्येकाने एकट्याने नाचायचं, नट असो नाहीतर बालवाडीची बाई. म्हणजे मेरी आणि अर्णव समोरासमोर. तरी पोरगा रोज सकाळी तिच्याबरोबरच सराव करतो. म्हणतो, मावशी, तुमच्याशिवाय मला गाणं ऐकू येत नाही.

आज चौघे उरलेत. तीन नामवंत आणि आमची ही!

२६ फेब्रुवारी

आज राग आला. कार्यक्रमवाल्यांच्यात राजनंदिनी म्हणून एक मुलगी आहे, तिचा एंजेलाला फोन होता. त्यांना माझ्या आजारावर छोटी फिल्म करायची होती. सगळ्यांच्या घरच्या फिल्म होतात, त्यावर लोकांची मतं पडतात. मेरीने साफ नाही म्हटलं. "त्यांच्या आजारावर मला मतं नकोत," असं सगळ्यांसमोर म्हणाली.

दुपारभर बसून राहिलो. अशी बायको किती जणांना मिळते? पण आजार कुणाचा? माझा. मला कुणी विचारलं? ना त्यांनी, ना हिने.

संध्याकाळी एंजेलाला म्हणालो, त्या मुलीला फोन लाव. या म्हणावं. मेरीला मात्र कळवू नका.

१ मार्च

आले. कॅमेरे, दिव्यांच्या छत्र्या, वायरी. दिग्दर्शक भला माणूस, पण त्याने मला खिडकीत बसवलं आणि म्हणाला, काका, बाहेर बघत राहा, हात मांडीवर ठेवा. हात थरथरताना हवा होता त्याला.

मी म्हणालो, "थरथरतो तो काही मी नव्हे, तो आजार आहे. मला घ्यायचं असेल तर अंगणात चला."

एंजेलाने गाणं लावलं. मी उठलो. दारातच पाय अडकले! सगळे बघतायत, एंजेला पुढे आली, तिला हाताने थांबवलं. गाणं कानात घेतलं, डुललो, एका पायावर भार दिला, दुसरा आपसूक उचलला. बाहेर पडलो. मग नाचलो. वाकडा, हळू, पण नाचलो. ऊस तोडून चाललेली माणसं रस्त्यावर थांबली. कुणी हसलं नाही.

दिग्दर्शकाने परत घेऊ म्हटलं नाही. अडकलेलं ठेवा, मी त्याला म्हणालो. ते कापू नका.

९ मार्च

आजचा भाग थेट होता. मेरी एका बाजूला उभी, मागच्या पडद्यावर आमचं अंगण आलं. तिला ठाऊक नव्हतं. मी दारात अडकलो तसा तिचा हात पुढे आला, तिथून, मुंबईहून! मी सुटलो तेव्हा तिने डोळे पुसले नाहीत, ताठ उभी राहिली. सूत्रसंचालकाने विचारलं, काय वाटतं? म्हणाली, "रागावलेय मी. पण बघा ना कसे नाचतात!"

नंतर नाचली ती अशी नाचली की परीक्षक उभे राहिले.

सगळ्यात खाली मेरी आणि अर्णव, त्यातही मतं अर्णवला जास्त पडली. मेरी बाहेर. अर्णवला टाळ्या पडत होत्या, तो वाकून तिच्या पाया पडला. छबूबाईंनी टीव्हीला दोन शिव्या हासडल्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. शेवटच्या चौघांत पोचली माझी बायको.

१२ मार्च

मेरी आली! फाट्यापासून ताशा लावून आणली लोकांनी. पाळकसाहेबांनी हार घातला, बालवाडीची जुनी पोरं आता बाप्ये झालीत, ती नाचत होती पुढे. घरात आल्यावर आधी माझं कपाळ बघितलं. मग म्हणाली, मला न विचारता फिल्म केलीत. मी म्हणालो, मला न विचारता नको म्हणालीस. मग तिने चहा टाकला.

१७ मार्च

सकाळी फाटकात रिक्षा थांबली. कोपरगावची बाई, नवऱ्याला दंडाला धरून उतरवत होती. त्याचे पाय जमिनीला चिकटलेले. मेरी पदर खोचून लगबगीने पुढे झाली.

बाई म्हणाली, "तुमी न्हाई, ताई. ते टीव्हीतले काका हायेत का घरात?"