वानरांचं कुटुंबनियोजन

आदरणीय दाजी,

सप्रेम जय भीम. अक्काचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळे मजेत, मी सोडून.

कारण तुमची कन्या. 'मामा, वानरांचा अभ्यास करायला येते' असं भारतीनं कळवलं, तेव्हा वाटलं लांबून फोटो काढील. पण तिला हव्या होत्या लेंड्या! (ताज्या. शिळ्या चालत नाहीत.) म्हणजे मी, माजी उपसरपंच, आठवडाभर चिमटा आणि डबी घेऊन लिंबाखाली वानरांच्या बुडाकडे बघत उभा. येणारा-जाणारा विचारतो, "काय सहादेवराव, प्रसाद मिळाला का?"

ओढ्याच्या वरच्या अंगाला फवारणीचं औषध बनवायचा कारखाना झालाय. त्याचं पिवळं पाणी ओढ्यात येतं आणि वानरं तेच पितात. यंदा एकाही वानरीच्या पोटाशी पिल्लू नाही. भारती म्हणते, त्या पाण्यानं अंगातले हार्मोन (पोर व्हायला लागतात ते रस) बिघडले असावेत. लेंड्या तपासल्या की कळेल.

हे मी भोळेपणानं ग्रामसभेत बोललो. तर कारखान्याचा साहेब हसत उठला, "म्हणजे वानरांचं कुटुंबनियोजन आम्ही फुकटात केलं म्हणा की!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! (वानरांनी हरभरा खाल्लेला, त्याचा राग.) सरपंचांनी त्याला वर नारळ दिला. भारती ताडकन उठली, "तेच पाणी तुमच्या विहिरींत पाझरतंय!" त्यावर सरपंच म्हणतात, "पोरी, आमी काय वानरं हाय व्हय?" सगळी सभा हसत चहाला गेली. माझं डोकं असं फिरलं, की साहेबाच्या हातातला नारळ हिसकावून मी तडक घरी आलो. सरपंच अजून परत मागताहेत. (चटणी झाली.)

तेव्हा दाजी, स्पष्ट लिहितो, कन्येला पुन्हा इकडे धाडू नका. आम्हाला याच गावात राहायचंय.

आपला,
सहादेव

ता.क. लेंड्यांच्या आणखी डब्या आमच्या नितीनबरोबर पाठवतोय. सगळ्या ताज्या आहेत.

आणखी ता.क. खरं काम आता लिहितो. नितीनच्या लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही. सगळे बोट दाखवतात ते सूनबाईकडे, सविताकडे. आमची विहीर ओढ्याला लागूनच आहे. पुरुषाची तपासणी पुण्यात कुठं होते, ते भारतीला विचारा. नितीनला काही बोललो नाही, मला बापाच्या तोंडानं बोलवेना. तुम्हीच सांभाळून विषय काढा. सविताला यापुढं कुणी एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद आज घरात दिली. का, ते मात्र सांगितलं नाही.