बेहजोदची मान

१४ मार्च

माझ्या ओदिलजान,

तुला आईचे अनेक आशीर्वाद. मॉस्कोत अजून बर्फ आहे म्हणे. छाती झाकून कामाला जात जा. इकडे जर्दाळू फुललेत. बकरीला दोन पिल्लं झाली. फोनवर तू मला पुढचं बोलूच देत नाहीस, म्हणून शेजारचा तोहिर तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते.

तू म्हणालास, "आपल्या घरातलं मूल बेशिकमध्येच, पाळण्यात बांधूनच वाढतं. मावलुदा ऐकत नसेल तर तिला माहेरी पाठव." मी "बरं" म्हणाले. तेव्हा मीही तुझ्याच बाजूची होते. ती बेहजोदला पाळण्यातून सोडवायची, मी पुन्हा पट्ट्या आवळून उताणा बांधायची. दिवसभर हेच. दोघींचं बोलणंही तुटलं होतं.

"आई, त्याचं डोकं एकाच बाजूने चपटं होतंय," एवढंच ती एकदा म्हणाली.

"चपटं असावंच. माझ्या ओदिलचं बघ, टोपी कशी बसते."

"त्यांचं मागून सारखं सपाट आहे. याचा उजवा कान पुढे आलाय."

मी बघितलंच नाही. सून सांगते म्हटल्यावर कोण बघतं?

मग आंघोळ घालताना मी त्याला डावीकडून हाक मारली. डोळे माझ्याकडे आले, मान आली नाही. हनुवटीला बोट लावून वळवायला गेले तर असा किंचाळला, की मावलुदा चुलीवरचं दूध सोडून धावली. मानेच्या डाव्या बाजूला माझ्या बोटांना गाठ लागली, जर्दाळूच्या बीएवढी. तिचा हात धरून तिथे ठेवला. तिचा चेहरा मला पाहवेना.

तुझ्या सोदिककाकांनी गाडी दिली नाही. "ओदिलला विचारल्याशिवाय मूल गावाबाहेर जाणार नाही," म्हणाले आणि फाटकात आडवे उभे राहिले.

"सोदिक, बाजूला हो," मी म्हणाले. "या वयात वहिनीला धक्काबुक्की करायला लावू नकोस."

ते सरकले. आम्ही बसने शहरातल्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मानेचा स्नायू आखडलाय. मूल एकाच कुशीला तोंड करून निजतं, म्हणून डोकं तिथेच दबतं. बांधून ठेवलंत तर मान सुटणार कशी?" रोज हलक्या हाताने मान ताणायची, जागा असताना पोटावर ठेवायचं. मान सुटेल, म्हणाल्या. डोकं किती भरून येईल ते आत्ताच सांगता येत नाही.

तुला वाटत असेल, मी घरून लिहितेय. घराला कुलूप आहे, बकरी तोहिरच्या घरी आहे, आणि पत्र न्यायला तो जाताना इथे येईल. आम्ही तिघं नमनगान शहरात, मावलुदाच्या बहिणीकडे आहोत. तिला माहेरच्यांकडे धाड म्हणालास. ती आली आहे, पण मी तिला धाडलेलं नाही, मी तिच्यासोबत आलेय. तुझा निरोप तिला अजून सांगितलेला नाही. सांगायचाच असेल तर तू ये. आधी मुलाला मांडीवर घे, त्याची मान तुझ्या हाताने वळवून बघ, त्याचं रडणं ऐक. मग काय ते तिच्या तोंडावर सांग.

काल पोटावर असताना त्याने डोकं उचललं आणि तिच्या आवाजाकडे, डावीकडे, थोडंसं वळवलं. ती हसली. मी उठून अंगणात गेले.

घरी फोन करू नकोस. उचलायला कोणी नाही.

तुझीच आई, पण आधी बेहजोदची आजी,
जुलैहो