गुरव सुतकात असताना लावलेला कौल

बाबा, परवाच्या रविवारी तुमच्या नातीने माझा अभ्यास घेतला. म्हणजे अभ्यास तिचाच चालला होता. ती आता ओरोसच्या कोर्टात वकिली करते, रोज एसटीने जाऊन येऊन, आणि न्यायाधीशाच्या परीक्षेला बसली आहे. मी आमसुलांसाठी रातांबे फोडत होते, ती पाटावर बसून मोठ्याने वाचत होती. सत्तेचं विभाजन असा धडा होता. तिने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, शासनाच्या शाखा किती आणि कशासाठी वेगळ्या? मी हात न थांबवता म्हटलं, "कायदो करतलो एक, चालवतलो दुसरो, आणि दोघांचा चुकला तर कान धरतलो तिसरो. तिघांनी एकमेकांच्या घरात शिरूचा नाय." तिने पुस्तकातून मान वर केली. "आई, तू दहावीच मा गो?" म्हणाली. मी म्हटलं, "दहावीच. पण बापूस माझो नागरिकशास्त्र शिकवी."

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे लिहायचं तेव्हापासून मनात होतं. कागद तिच्याच नोट्सचे आहेत, पाठकोरे, टाकवेनात म्हणून जपून ठेवलेले.

तुमच्या नागरिकशास्त्राला वर्गात पोरं जांभया द्यायची हे मला ठाऊक आहे, मी त्याच वर्गात होते. पण घरात तुम्ही ते आमच्याकडून जगून घेतलंत. स्वयंपाकघर हा राज्याचा विषय, तिथे आयेचा कायदा. बाजारहाट, फी, घरपट्टी हे केंद्राकडे, म्हणजे तुमच्याकडे. आणि तक्रार आजीकडे, पडवीतल्या तिच्या बाकड्यावर. आये वैतागायची. "मगे चुलीत लाकूड घालूक पण दिल्लीची सही व्हयी काय?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणायचात, "नाय गो, तो तुझो विषय. दिल्लीन त्यात हात घातलो तर तू कोर्टात जा." आणि एकदा ती खरंच गेली. तुम्ही सोमवारी बांगडे घेऊन आलात, वार विसरलात. आये पिशवी तशीच घेऊन आजीसमोर उभी. आजीने तुम्हाला बोलावलं, चष्म्यातून बघितलं आणि म्हणाली, "मास्तर झालंस तरी वार कळना नाय तुका. बांगडे शेजारणीक दी. आज तू पेज आणि लोणचा खा." तुम्ही हात जोडून "चुकला माझा" म्हणालात आणि निमूट पेज जेवलात. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. माझा बाप, ज्याला अख्खी शाळा घाबरते, तो निकाल ऐकून पेज जेवतो हे बघून मला इतकं सुरक्षित वाटलं होतं की आजही ते आठवलं की पोटात ऊब येते. प्रत्येक मोठ्या गोष्टीआधी तुम्ही आम्हा सगळ्यांकडे बघून विचारायचात, "कोणाची हरकत?" माझ्यासारख्या पोरीलासुद्धा.

एक गोष्ट तुम्ही वर्गात सांगितली होती, ती पुस्तकात नव्हती. मुलांनो, वाईट माणसाची फार भीती धरू नका, त्याला लोक अडवतातच. भीती धरा चांगल्या माणसाची. आपण भल्यासाठीच करतो असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्या हाताला अडवणारा दुसरा हात पाहिजे, म्हणून घटनेत इतक्या गाठी मारून ठेवल्यात. मग फळ्याकडे वळून तुम्ही आपल्या देवळाचं उदाहरण दिलंत. कौल मागणारा वेगळा आणि देवाच्या अंगावर पाकळ्या लावणारा गुरव वेगळा; जी पाकळी पडेल ते देवाचं उत्तर. ज्याला उत्तर पाहिजे त्याने पाकळीला हात लावायचा नाही. घटना लिहिणाऱ्यांच्या आधीपासून हे आपल्या गावाला कळत होतं, असं तुम्ही अभिमानाने म्हणालात.

मी दहावी झाले त्या वर्षी आजी गेली. शाळेतली दोन वर्षं माझ्या आजारपणात गेल्यामुळे मला अठरा पूर्ण झाली होती. तेवढा कायदा तुम्ही पाळलात. निकालाच्या दिवशी तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. "अकरावीक लागतला," म्हणालात. मला डी.एड. करायचं होतं, तुमच्यासारखं फळ्यापुढे उभं राहायचं होतं. महिनाभरात स्थळ आलं, घरचं किराणा दुकान, माणसं चांगली. घरातलं वडीलधारं गेलं की वर्षाच्या आत लग्न, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे सगळे तुम्हाला सांगून गेले. तुमचा एक पगार, तीन वर्षांनी असं स्थळ येईल की नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात. आये एकदाच म्हणाली, "शिकांदेत तिका." पाडव्यापासून आजीचं बाकडं रिकामं होतं, दाद कोणाकडे मागणार? तुम्ही म्हणालात, देवाला विचारू.

गुरवाच्या घरी तेव्हा सुतक होतं. दहा दिवस तो गाभाऱ्यात येणार नव्हता. थांबता आलं असतं. पण स्थळाकडच्या माणसांना दुसऱ्या दिवशी उत्तर हवं होतं. तुम्ही मानकरी, पूजाअर्चा येणारे, सकाळी आंघोळ करून सोवळं नेसून तुम्हीच आत गेलात. आये दाराशी, मी समईच्या बाजूला. तुम्ही पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या अंगावर लावताय. डावीकडची अंगठ्याने दाबताय, एकदा, मग पुन्हा एकदा. उजवीकडची नुसती टेकवताय, पाण्यात नीट बुडवलेलीसुद्धा नाही. मग मागे सरून हात जोडून गाऱ्हाणं घालताय, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा लगीन ठरवचा आसा, तुझी मर्जी आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी..." आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आत उजवी खाली पडली.

तुम्ही वळलात. तुमच्या कपाळावर घाम होता. सवयीने विचारलंत, "कोणाची हरकत?" आये माझ्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही.

माझा संसार वाईट झाला असं लिहिलं तर खोटं होईल. तुमच्या जावयांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. दुकानाची वही पहिल्या वर्षापासून माझ्याच हाती दिली, आजही पै न् पैचा हिशोब मी लिहिते. मुलगी झाली, शिकली. देवाचं सगळं मी केलं, सोमवार सोडला नाही, दर जत्रेला माहेरी येऊन त्याच देवाची ओटी भरली. फक्त शाळेची घंटा ऐकू आली की मी हातातलं काम जरा जोराने करते. घरातल्या कोणालाही हे माहीत नाही.

तुम्ही शेवटचे पंधरा दिवस अंथरुणाला होतात, तेव्हा मी पेज भरवायला आले होते. दुपार होती. तुम्ही चमचा हाताने थांबवलात आणि म्हणालात, "तेवा देवळात तू खंय उभी होतस गो?" इतक्या वर्षांनी. कुठलं देऊळ, कधी, हे विचारायची मला गरज पडली नाही. मी म्हटलं, "मी भायर, खांबाच्या मागे. माका थयसून काय दिसला नाय, बाबा." तुम्ही "बरा," एवढंच म्हणालात. त्यानंतर पेजेचा घोट घेतला नाहीत. मला वाटलं होतं मी तुम्हाला सोडवलं. आता वाटतं, तुम्हाला कबूल करायचं होतं आणि मी तोंडावर दार लावलं. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःला अडवायला घरातल्या पोरीबाळींना शिकवलं, त्याला अडवायचं होतं तेव्हा मी अडवलं नाही, आणि अडवायला नको होतं तेव्हा अडवलं.

परवा रातांबे फोडता फोडता हे सगळं मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं. तुमची नात ऐकून घेते, वकील आहे. शेवटी पुस्तक मिटून म्हणाली, "आई, तो कौल धरूकच येणा नाय. मागणारो आणि देणारो एकच. रद्द." मी म्हटलं, "मगे तू पण रद्द काय गो?" ती हसली, मला मागून मिठी मारली, माझे हात सगळे रातांब्यांनी लाल झालेले असताना. म्हणाली, "मी नाय रद्द. पण तुझा काय ता तुका विचारून घेवक व्हया. चल, जावया गावाक. आता गुरवाचो झील पाकळ्ये लावता, रीतसर. देवाक विचारूया, तेवा तेच्या मनात काय होता."

मी नको म्हटलं. देवाला असले जुने प्रश्न विचारत नाहीत, असं काहीतरी सांगितलं. गावाला जायला-यायला गाडीभाडं किती होतं तेही सांगितलं. ती मान हलवून पुन्हा वाचायला बसली.

ते कारण खरं नव्हतं, बाबा. देवळातल्या त्या सकाळी गप्प राहण्याचं कारणही खरं नव्हतं. मी तुमच्या धाकाने गप्प राहिले असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले, पण तुमचा धाक मला कधी नव्हताच. मी "हरकत आहे" म्हटलं असतं तर तुम्ही पाकळ्या काढल्या असत्या, गुरवाचं सुतक फिटेपर्यंत थांबला असतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग त्याने नियमाने लावल्या असत्या. आणि तेव्हाही उजवीच पडली असती तर? मग मी रुसायचं कोणावर? देवावर रुसायची माझ्यात ताकद नाही, तेव्हाही नव्हती. तुमच्यावर रुसता येत होतं, म्हणून मी तुम्हाला तसंच करू दिलं.