एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आठवायला आता थोडं थांबावं लागतं, पण तो आकडा तोंडपाठ आहे. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन. रिद्धपूरच्या यात्रेत कुणा साधूने तुम्हाला तो दिला आणि वांगी विकता विकता तुम्ही मला. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरून येतात, फक्त सुरुवात बदलते. तुम्ही धुळीत बोटाने लिहून दाखवायचात आणि माय करवादायची, "पोरीले हे काहून शिकवून राह्यले? यानं काय भाजी शिजते?"

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत मी अकोल्याच्या एका वखारीत कापूस निवडायला जात होते आणि तुम्ही तिच्याच दाराशी वांगी विकायला बसत होतात. वजन वाढावं म्हणून लोक कापूस भरलेल्या बोऱ्यांवर पाणी मारत. अमरावतीकडून आलेले असेच ओले, जड बोरे जागा नव्हती म्हणून कोरड्यांवर रचले होते. खालचे दबले आणि सगळी थप्पी माझ्यावर आली.

अंधार आहे. पाय अडकलाय, तोंडापुढे वीतभर जागा. मी हातपाय झाडते तसा वरचा बोरा आणखी सरकतो. बाहेर हमाल ओरडतोय, "तिले बोलतं ठेवा! आवाज कोठून येते तेच समजून नाही राह्यलं!" भलताच बोरा ओढला तर उरलेले माझ्यावर बसणार. मग बाहेरूनच तुमचा आवाज येतो, "पोरी, हालू नोको. दुप्पट सांग." असा संताप येतो! मी इथे मरतेय आणि यांना गणित सुचतंय. "दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा!" मी रागानेच ओरडते. तिप्पट, चौपट. हिशेब करताना अंग आपोआप थांबतं. वरून एकेक बोरा निघतोय. पाचपट सांगताना घशात धूळ जाते, आवाज फुटत नाही. "चूप काहून झाली? बोल नं वं पोरी!" तुम्ही ओरडता. कशीबशी सांगते. मग सहापट, आठ लाख सत्तावन हजार एकशे बेचाळीस.

"सातपट?"

ही तुम्ही कधीच विचारली नव्हती. सहाही अंक एकेकदा पुढे येऊन गेले होते, आता कोण उरलं? मी सहापटीत मूळ आकडा मिळवू लागले. आठ आणि एक नऊ. पाच आणि चार नऊ. सात आणि दोन, पुन्हा नऊ. "बाबा, सगळे नऊच!" मी किंचाळले आणि त्या आवाजाच्या रोखाने एक हात आत आला.

बाहेर तुम्ही मातीत बसला होतात. म्हणालात, "सातपट मलेही येत नव्हती. सहानंतर काय इचारू, तेच सुचेना."

हा कागद कुठे धाडायचा? गावातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, बापाने आकडे विचारून पोरीला धीर दिला. धीर कसला, बाबा. सातपट विचारताना तुमचा आवाज फाटला होता. तुम्ही किती घाबरलात ते मला तेव्हा कळलं, आणि तुम्हाला तसं टाकून जाववेना म्हणून मी ती बेरीज पुरी केली.