धसकटं राखलेलं रान

नाना, यंदा मी रान नांगरलं नाही. हे ऐकून तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल, म्हणून आधीच सांगून टाकते. बाजरी काढली तेव्हा वरचं सरमाड गायींसाठी कापलं आणि गुडघाभर धसकटं तशीच उभी ठेवली. पावसानं पुन्हा दगा दिलाय, आणि आपल्या माळावर आखाजीनंतर, ऐन वैशाखात, वारं कसं सुटतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! भाऊ मनमाडहून येतो, बांधावर उभा राहून हसतो. "ताई, हे रान हाय का दाढी वाढलेला नवरदेव?"

तुम्हाला स्वच्छ रानाचं भारी वेड. शाळेत असताना धसकटं वेचायचा कंटाळा करून मी एक कोपरा तसाच सोडला, तर तुम्ही भर उन्हात मला परत नेलंत. "रस्त्यानं जाणारे लोकं पाहतात, पोरी. त्यांना काय हे दाखवायचं?" मी रडत रडत वेचली. संध्याकाळी मात्र चष्मा नाकावर ओढून माझ्या बोटांतली कुसळं एकेक करून काढत बसलात. तुमच्या रागाची भीती त्या दिवशी गेली.

मग तो दुष्काळ. बाजरी करपली, आणि पहिल्या पावसाला रान तयार असावं म्हणून आपण ट्रॅक्टरचा रोटा मारून घेतला. मातीचं पीठ झालं. आठ दिवसांत वारं आलं. आई परातीवर फडकं धरून भाकरी थापते आहे, तरी घास दाताखाली कचकचतो आहे, आणि तुम्ही दारात उभे राहून आपली माती शेजारच्या कुंपणाशी साचताना बघता आहात. वरचा बोटभर थर गेला. पुढे कित्येक वर्षं तिथे बाजरी धड आली नाही.

परवा तसंच वारं सुटलं. पदर तोंडाला लावून मी बांधावर उभी होते. शेजारच्या नांगरटीची धूळ पार सडकेपर्यंत गेली. आपली माती हलली नाही, नाना! उलट बाहेरचीच येऊन धसकटांच्या बुडाशी अडकली. ती मुठीत घेतली आणि मला हसू आवरेना. भाऊ आला होता, त्यानंही पायानं धसकट हलवून पाहिलं. "नाय हालत गं. नानांना हे कळायला पाहिजे होतं. रोटा मारून त्यांनीच रान उडवलं."

मी मुठीतली माती परत धसकटाशी सोडली. त्या वर्षी तुम्ही एकच फेरी सांगितली होतीत. वाऱ्याचे दिवस आहेत, ढेकळं राहू दे, असं बजावून तालुक्याला गेलात. रान गुळगुळीत दिसावं, तुम्ही शाबासकी द्यावी, म्हणून दुसरी फेरी मी मारायला लावली. परत आल्यावर तुम्ही खाली वाकून ढेकूळ शोधलंत, एकही सापडलं नाही, आणि एकदा माझ्याकडे बघितलंत. लोकांनी नावं ठेवली तेव्हा "चुकलं माझं" म्हणालात. मीही तेच चालू दिलं, इतकी वर्षं.

तुम्ही तर हे जग सोडून गेलात, हा कागद आता कुठेच जायचा नाही. रविवारी भाऊ पुन्हा येईल, त्याला तोंडानंच सांगणार आहे. आधी तुम्हाला लिहिलं, कारण ते सोपं होतं. तुम्हाला ठाऊकच होतं.